आतलं तुझं, साल माझी

शेवटची कुंडी ताईने पोटाशी धरली आणि ती जिना उतरू लागली. ओझं उचललं की डाव्या कुशीतला टाक्यांचा व्रण अजून ओढल्यासारखा व्हायचा. मधल्या वळणावर तिने कुंडी उजव्या बगलेत घेतली. खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई दारातच उभी होती. आधी आणलेल्या कुंड्या तिच्या भिंतीला लागून पाहुण्यांसारख्या अवघडून बसल्या होत्या.

"सगळ्याच देऊन टाकता? एखादी तरी ठेवा की. घर भुंडं दिसेल."

"दिसू दे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरात माती नको."

"आणि माझ्या घरात चालते?"

"तुम्हाला काय होतंय? बुरशीच घाबरेल तुम्हाला."

शिंपीणबाई हसली. कुंडी तिने हातातून घेतली आणि मग आवाज खाली आणून विचारलं, "कसे आहेत फुंक्याभाऊ?"

"आहे तसाच आहे," ताई म्हणाली आणि कठड्याला धरून वर निघाली.

ताईच्या धाकट्या भावाला फुंक्या हे नाव गल्लीने ठेवलेलं. शाळेत असताना तो बाबांच्या क्लॅरिनेटवर एकच सूर धरून तासन्‌तास फुंकत बसायचा. समोरची पोरं वैतागून खिडकीखाली ओरडायची, फुंक्या, झोपू दे! पुढे तो बाबांच्याच जागी शहराच्या बँडमध्ये लागला, बागेतल्या चौथऱ्यावर पांढरा कोट घालून वाजवू लागला, केस पिकले, निवृत्त झाला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. बायको गेल्यावर तो ताईकडे राहायला आला. ताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तिने लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायची, "आयुष्यभर लोकांची जोडणी करून दिली, स्वतःची राहून गेली."

गेल्या वर्षी त्याच्या दोन्ही किडन्या बसल्या. ताईची जुळली. एक काढून त्याला बसवली. शरीराने ती परकी म्हणून झिडकारू नये यासाठी त्याची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून ठेवायची, ती जन्मभर. म्हणजे दारावरचा पहारेकरी झोपवून ठेवायचा, असं ताईला तेव्हाच सांगितलं गेलं होतं. पहारेकरी झोपला की कोण कोण आत शिरतं, ते आत्ता कळत होतं.

साधा खोकला म्हणून सुरुवात झाली. ताईला तो साधा वाटला नाही. माणसाचा चेहरा न बघता नुसता आवाज ऐकण्यात तिची उमर गेली होती. फुंक्याच्या श्वासाच्या शेवटी काहीतरी खरखरत होतं, दूरच्या गावाची लाईन खराब असली की खरखरायची तसं. तिने त्याला ओढतच दवाखान्यात नेलं. तपासण्यांवर तपासण्या झाल्या आणि शेवटी फुफ्फुसातून काढलेल्या पाण्यात एक बुरशी उगवली.

संसर्गरोगांची डॉक्टरीण वयाने लहान होती, पण उगाच धीर देणाऱ्यांतली नव्हती. ताईला समोर बसवून तिने सांगितलं होतं, "नाव लांबलचक आहे. खरं सांगू? मलाही पुस्तक उघडावं लागलं. ही बुरशी तुमच्या-माझ्या नाकातून जाते-येते, आपल्याला पत्ताही लागत नाही. यांच्यासारख्या पेशंटमध्येच ती मूळ धरते, तीसुद्धा क्वचित."

"औषध आहे ना?"

"आहे. पण नुसत्या औषधाने भागेल असं नाही. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या कमी कराव्या लागतील. फार कमी केल्या तर शरीर किडनी टाकून देईल. नाही केल्या तर बुरशी पसरेल."

"म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं."

"अगदी." डॉक्टरीणबाई पहिल्यांदा किंचित हसल्या. मग पुन्हा कागदाकडे वळल्या. "आणि एक गोष्ट. ही आली कुठून ते सापडायला हवं. नाहीतर इथे बरे होऊन घरी जातील आणि पुन्हा तेच श्वासात घेतील. दुसऱ्या वेळी माझ्या हातात फारसं काही उरणार नाही. घर नीट बघा. कुंड्या, ओल, पक्षी, जुन्या गाद्या. आणि नुसतं साफ करून टाकू नका, संशय आला तर मला आणून दाखवा."

ताईने घर बघितलं. मोरीच्या भिंतीचे पोपडे खरवडले, कबुतरं बसायची त्या खिडकीला जाळी मारली, त्याची गादी फाडून कापूस हुंगला. संशयाच्या जागेवरून पुसलेला बोळा पिशवीत घालून ती दवाखान्यात नेई, आणि डॉक्टरीणबाई पुढच्या खेपेला मान हलवत. बुरशी निघे, पण दुसऱ्याच जातीची. कुंड्यांच्या मातीतही ती नव्हती. तरी ताईने कुंड्या देऊन टाकल्या, कारण दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं.

आता घरात हुडकायचं काही उरलं नव्हतं. ती खुर्चीत टेकली. तेवढ्यात तिला आठवलं की आज रविवार. काल बाजारातून आणलेलं संत्रं टोपलीत होतं. ते तिने हातात घेतलं, अंगठ्याच्या नखाने सोलायला सुरुवात केली, आणि तिचे डोळे सवयीने कपाटावरच्या क्लॅरिनेटच्या काळ्या पेटीकडे गेले.

लाकूड तहानलेलं राहता कामा नये, असं बाबा म्हणत. कोरड्या हवेत क्लॅरिनेटचं लाकूड आकसतं, चिरतं. एकदा चीर गेली की सूर फाटलाच. म्हणून त्यांच्या बँडमधले सगळे जुने वाजवणारे पेटीत संत्र्याच्या सालीचा तुकडा ठेवत. साल हळूहळू सुकते, तिची ओल लाकडाला मिळते. बाबा बाजारातून एकच संत्रं आणत आणि मुलांसमोर धरून विचारत, "कोणाला काय?" फुंक्या तेव्हा एवढासा, पण वाजवायचं खूळ डोक्यात शिरलेलं. तो छाती काढून म्हणायचा, "आतलं ताईचं, साल माझी." ताई सगळ्या फोडी एकटी खायची. तो साल घेऊन पेटीजवळ जायचा, मखमलीचा सुटलेला कोपरा उचलून ती खाली सरकवायचा, आणि मग ताईच्या तोंडाकडे बघत बसायचा. शेवटची फोड त्याला मिळेल, अशी त्याला दर वेळी आशा असायची. ताई ती दर वेळी खाऊन टाकायची.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी शेजारच्या खाटेवरून ती त्याला म्हणाली होती, "आयुष्यभर आतलं मी खाल्लं. आता एकदाचं आतलं तुला."

"आणि साल?"

"साल म्हातारी झाली. ती राहू दे माझ्याकडेच."

दोघं इतकी हसली होती की नर्सने येऊन दटावलं.

ऑपरेशननंतर त्याला सांगितलं गेलं, सध्या वाजवणं बंद, आम्ही सांगू तेव्हाच. त्याने एका शब्दाने कुरकूर केली नाही. पेटी उचलून कपाटावर ठेवली आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. त्या वर्तमानपत्राचं पान बराच वेळ उलटलं नाही, ते ताईला दिसलं. त्या आठवड्यात तिने संत्रं आणलं. तो सकाळी फिरायला गेल्यावर स्टुलावर चढून पेटी खाली काढली, कोपऱ्यात साल ठेवली. तो पुन्हा हातात घेईल तेव्हा लाकूड चिरलेलं असू नये, इतकंच. मग दर रविवारी जुनी साल फेकायची, नवी ठेवायची. त्याला सांगायची गरज नव्हती. सांगितलं असतं तर त्याला वाजवण्याची आठवण झाली असती.

मग एका रविवारी तिला पत्ती ओली सापडली. ज्या चपट्या पत्तीवर ओठ टेकवून फुंकतात, ती बंद पेटीत अजून सुकली नव्हती, मधोमध काळसर होती. गुरुवारी दुपारी ताई एक्स्चेंजच्या जुन्या मैत्रिणींकडे चहाला जायची. शिंपीणबाई एकदा म्हणालीही होती, "गुरुवारी तुमच्याकडे रेडिओ बरा लागतो हो." ताईने पत्ती होती तशी ठेवली, झाकण लावलं. पुढच्या गुरुवारी बसथांब्यावर घराकडची बस आली, ती तिने जाऊ दिली आणि मागच्या बसने आली. तेव्हापासून दर गुरुवारी ती एक बस सोडत असे.

हे सगळं हातातली साल गोल गोल सुटत असताना तिच्या मनात येऊन गेलं. मग तिचा अंगठा थांबला.

तिने स्टूल ओढलं. पेटी काढून टेबलावर ठेवली, झाकण उघडलं. आधी संत्र्याचाच वास आला, लहानपणापासूनचा. तो ओसरल्यावर खाली आणखी एक वास होता, बंद तळघराचा. इतके रविवार तिला तो जाणवलाच नव्हता. वरच्या गोड वासाने तिला दर वेळी बाबांच्या खोलीत नेऊन सोडलं होतं. मखमलीचा सुटलेला कोपरा तिने उचलला, नेहमीसारखा बोटभर नाही, पार मागेपर्यंत. खालचा पुठ्ठा राखाडी-हिरव्या पुडीने भरलेला होता. क्लॅरिनेटचा मधला तुकडा तिने उजेडाकडे धरून डोळा लावला. आत नळीला पांढरी लव धरली होती. वाजवून झालं की फडकं ओढून आतून कोरडं करायचं, हा बाबांचा दंडक. पण जिन्यावर बहिणीची पावलं वाजली की चोरून वाजवणाऱ्याला फडकं ओढायला सवड कुठली?

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ती स्वतःशीच पुटपुटली, आणि आपला आवाज तिला ओळखू आला नाही. टेबलावर अर्धं सोललेलं संत्रं पडलं होतं. तिने हात साबणाने धुतले, पुसले, पुन्हा धुतले.

पेटी एकावर एक पिशव्यांत बांधून ती दवाखान्यात गेली. वॉर्डात न जाता डॉक्टरीणबाईंच्या खोलीबाहेर बाकावर बसली. डॉक्टरीणबाई घाईत आल्या. हातमोजे चढवून त्यांनी पिशवीचं तोंड जरासं उघडलं आणि लगेच मिटलं.

"साल? वाद्याच्या पेटीत?"

"बँडवाल्यांची जुनी रीत आहे. लाकूड चिरू नये म्हणून."

"आणि ते वाजवत होते? बंदी असताना?"

"हो."

"म्हणजे तोंड लावून, आतला श्वास ओढून." डॉक्टरीणबाईंनी पिशवीकडे पाहिलं. "छान आणलंत. आता वाट बघायची. बुरशीला उगवायला तिचा वेळ लागतो."

"बाई, ती साल—"

पण आतून कुणीतरी हाक मारली आणि डॉक्टरीणबाई पिशवी हातात तोलत निघूनही गेल्या.

वाट बघण्याच्या त्या दिवसांत ताई रोज फुंक्याजवळ जाऊन बसे, तोंडावर मास्क, अंगावर कागदी झगा. औषधांनी त्याला थंडी भरे, ओठ सुकत. त्याच्या हातात प्लॅस्टिकचं एक यंत्र दिलेलं होतं, तीन नळ्या, प्रत्येकीत एक हलका चेंडू. नळीतून श्वास आत ओढला की चेंडू वर चढायचे. पहिल्या दिवशी एकच चेंडू जेमतेम हलला.

"फजिती बघ," तो म्हणाला. "आयुष्यभर फुंकलं. आता म्हणे, ओढा."

"ओढ मग. बोलत बसू नकोस."

"तू घरी काय करतेस दिवसभर?"

"आवरते."

त्याने तिच्याकडे बघितलं. ती त्याची चादर सारखी करत होती, सारखीच असलेली. सांगायचं तिच्या ओठांवर यायचं आणि मास्कच्या आतच राहायचं. आधी बरा होऊ दे, असं ती मनाला समजावायची. आपण दिलेली किडनी एका पारड्यात आणि आपणच ठेवलेली साल दुसऱ्या, हे कुठल्या तोंडाने बोलायचं?

निकाल घेऊन डॉक्टरीणबाई खाटेपाशीच आल्या. ताई शेजारी उभी राहिली.

"सापडली," त्या म्हणाल्या. "पेटीत आणि वाद्याच्या नळीत, दोन्हीकडे तीच जात. शंभर टक्के तिथूनच आली असं कुणी लिहून देणार नाही, पण माझी खात्री आहे. आनंदाची गोष्ट म्हणजे कालच्या फोटोत फुफ्फुसावरचा डाग लहान झालाय. किडनीही तग धरून आहे."

फुंक्याने डोळे मिटले आणि उघडले. "आणि क्लॅरिनेट?"

"ते परत देता येणार नाही. लाकडाच्या रंध्रांत शिरलेलं असतं. कितीही पुसलं तरी भरवसा नाही."

"बाबा असते तर म्हणाले असते, पोराऐवजी लाकूडच वाचवा." तो हसायला गेला, त्याला खोकला आला. ताईने त्याची पाठ चोळली.

"एक विचारायचंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पेटीत ताजी साल होती, म्हणजे ती बदलली जात होती. ती कोण ठेवायचं? ओरडायचं नाहीये. पण ज्याचा हात वरचेवर त्यात होता, त्यालाही सगळं समजावून सांगायला हवं. घरी गेल्यावर पुन्हा असलं काही व्हायला नको."

ताईने मास्क हनुवटीखाली ओढण्यासाठी हात वर केला.

"मीच," फुंक्या म्हणाला. "दर आठवड्याला. लहानपणची खोड, दुसरं काय. ताईला त्यातलं काही ठाऊक नाही. ती पेटीला हातही लावत नाही."

त्याने ते अगदी सहज सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. पण ताईचा हात हवेतच राहिला. आयुष्यभर तिने वायरीच्या दुसऱ्या टोकाचे आवाज ऐकले होते. घरी नाहीत म्हणून सांगा असं मागे कुणीतरी कुजबुजल्यावर येणारा खोटा आवाज तिला पाठ होता, एक पट्टी वर आणि जरा जास्तच गुळगुळीत. ती काही बोलणार इतक्यात फुंक्याने चादरीवरची तर्जनी किंचित उचलली. बागेतल्या चौथऱ्यावर नव्या वाजवणाऱ्याला तो अशीच खूण करायचा. थांब, तुझी जागा अजून आली नाही.

ताईने हात खाली घेतला.

बसमधून घरी येताना तिला एकेक गोष्ट दिसत गेली. स्टूल नेहमी कपाटाजवळच ठेवलेलं असायचं, तिला ओढावं लागू नये इतकं जवळ. रविवारचं त्याचं फिरणं बाकीच्या दिवसांपेक्षा लांबायचं. आणि दर आठवड्याला टोपलीतून नाहीशा होणाऱ्या त्या एकाच संत्र्याबद्दल त्याने कधीच विचारलं नव्हतं.

संध्याकाळी तिने दिवा लावला. कपाटावर पेटीच्या आकाराचा धूळ नसलेला चौकोन राहिला होता. सकाळचं काम आटपताना तिला तो पुसायचं धैर्य झालं नव्हतं. आत्ताही झालं नाही. ती खुर्चीत बसली आणि फोन वाजला.

"नंबर बोला," ती सवयीने म्हणाली.

पलीकडे हसल्यासारखं झालं. एक्स्चेंजच्या दिवसांत बँडच्या खोलीतून फुंक्या असाच फोन करायचा, अस्तित्वात नसलेला कुठलातरी नंबर मागायचा, आणि मग एक अक्षर न बोलता नवी पत्ती लावून सूर वाजवून दाखवायचा. ऑपरेटरांच्या रांगेमागून सुपरवायझरबाई फेऱ्या घालत असायच्या. ताई समोरच्या दिव्यांवरची नजर न हलवता, एखाद्या अनोळखी गिऱ्हाइकाशी बोलावं तशी म्हणायची, "आवाज स्वच्छ येतोय, बोला." पत्ती चांगली, असा त्याचा अर्थ. आवाज तुटतोय म्हणाली, तर पत्ती बदलायची.

"जेवलीस का?" फुंक्याने विचारलं.

"जेवेन. फुंक्या, ऐक. ती साल—"

"ताई."

"मला बोलू दे. ती मी—"

"आतलं खाल्लंस ना दर वेळी?"

खिडकीच्या नव्या जाळीपलीकडे एक कबुतर येऊन बसलं आणि जागा नाही बघून उडून गेलं.

"खाल्लंस की फेकून दिलंस?"

"खाल्लं."

"सगळं?"

"सगळं."

"मग झालं तर," तो म्हणाला.

नंतर काही शब्द आला नाही. फोन खाली ठेवल्याचाही आवाज आला नाही. मग प्लॅस्टिक प्लॅस्टिकवर टेकल्याचा टकटक आवाज झाला, आणि श्वास ओढल्याचा. तीन चेंडू वर जाऊन आपटले, एक, पाठोपाठ दुसरा, जरा थांबून तिसरा. खाली पडले. पुन्हा श्वास. ताईने रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. पहिला झटका लांब, मग दोन आखूड, मग एक लांब. ती लय तिला ओळखीची होती. समोरची पोरं खिडकीखाली ओरडायची तेव्हा तो हाच धडा घोकत असायचा. सूर नव्हता, नुसता वाराच होता. श्वासाच्या टोकाशी अजून थोडी खरखर होती.

ती खरखर तिने नीट ऐकून घेतली. मग समोरच्या भिंतीवरची नजर न हलवता ती म्हणाली,

"आवाज स्वच्छ येतोय. बोला."